आई-बाप नसलेलं लेकरू आणि प्रार्थना: केडगावपासून आमच्या बोर्डिंगपर्यंत

शेवंती_नगर (धागाकर्ती)

सलाम मंडळी,

मागे इथल्या एका चर्चेत कुणीसं लिहिलं होतं की अनाथ मुलांना प्रार्थना शिकवणं म्हणजे त्यांच्या दुःखावर पांघरूण घालणं. तेव्हा मी काही बोलले नाही. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. वडील त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. मामाने मला नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं आणि दहावी होईपर्यंत मी तिथेच राहिले. आमचं घर पिढीजात ख्रिस्ती, त्यामुळे प्रार्थना, मंडळी, संडे स्कूल यातलं काहीच मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते एकटेपण.

आईच्या मातीला आलेल्या माणसांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "रडू नको, देवाला तुझी आई फार आवडली म्हणून त्याने तिला नेली." बोलणारी माणसं प्रेमळ होती. पण त्या एका वाक्याने मला पुढची दोन वर्षं झोपू दिलं नाही. देवाला आवडलं की तो घेऊन जातो, असा माझा हिशोब झाला होता. मग मी कुणावर जीव लावायची ती लपून लावायची, देवाला कळू नये म्हणून. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

बोर्डिंगातली पहिली रात्र मला अजून लख्ख आठवते. पत्र्याची ट्रंक, तिच्यात दोन फ्रॉक, आणि आईच्या लुगड्याचा टीचभर तुकडा, जो मी शिवणाच्या पिशवीतून उचलून आणला होता. दिवे गेल्यावर मी तो तुकडा तोंडात धरून रडत होते. आमच्या मेट्रनबाई कंदील घेऊन आल्या, खाटेच्या कडेला बसल्या. गप्प हो म्हणाल्या नाहीत. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून त्यांनी तेरावं स्तोत्र वाचलं. तेच, ज्यात दावीद देवाला सरळ विचारतो की आणखी किती दिवस? मला कायमचा विसरलास का? तोंड कुठवर लपवणार?

मी रडायची थांबले ती धीर आला म्हणून नाही, चकित झाले म्हणून. देवाला असं बोलायचं असतं? आणि तेही त्याच्याच पुस्तकात छापलेलं?

बाई म्हणाल्या, "हे पाठ कर. तुझं बोलणं सुचत नाही तोवर हे बोल."

माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. विश्वासाने मला दुःखाचं कारण सांगितलं नाही. कारण सांगायला आलेल्यांनी उलट दुखावलंच. विश्वासाने मला रडायची भाषा दिली, आणि ऐकणारा आहे एवढी खात्री दिली. स्तोत्रांच्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत स्तुती आहे तसा आकांतही भरपूर आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजाडतसुद्धा नाही. ज्या लेकराचं कुणी उरलं नाही त्याला असं स्तोत्र हाती लागणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी अनुभवाने सांगते.

आता पुणे जिल्ह्यातल्या, पंडिता रमाबाईंच्या केडगावबद्दल. पंडिता रमाबाईंविषयी इथल्या बहुतेकांना माहीत असतं ते त्यांचं संस्कृत पांडित्य, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन आणि ख्रिस्ती होणं. त्या स्वतः दुष्काळाने अनाथ केलेल्या होत्या हे मात्र पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. १८७४ साली, सोळाव्या वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण गेली. उपासमारीने. उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. पुराण सांगत, अर्धपोटी, दोघांनी पायी देश पालथा घातला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात लेक मनोरमा. चोविसाव्या वर्षापर्यंत एवढं सगळं.

आणि मग १८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई स्वतः तिकडे गेली आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आली. तेव्हा पुण्यात प्लेगची बंदी, शहरात एवढ्या मुली ठेवू देईनात. केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे त्यांना नेलं. १८९८ ला मुक्ती सदन उभं राहिलं, आणि पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या तेव्हा तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मला नेहमी वाटतं, त्या मुलींना रमाबाईंनी "देवाची इच्छा" वगैरे सांगितलं नसणार. भुकेने आई कशी मरते हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, घाणा चालवला, छापखाना काढला. आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. मुलीला रात्री कुणीतरी नाव घेऊन हाक मारणार, उद्या सकाळी पुन्हा मारणार. अनाथ मुलाला सगळ्यात आधी हेच हवं असतं, की उद्याही हे माणूस इथे असेल. ते जमलं की मग देवाविषयी बोलता येतं. त्याआधी नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विरोधातलेही लिहा.

---

दौंडकर

शेवंतीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. सोलापूर लाइनवर रोजचं जाणं-येणं असायचं माझं, केडगाव आलं की आजी हात जोडायची. तिची आई, म्हणजे माझी पणजी, त्या मुक्तीतली.

पणजी छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात गुजरातेतून आली. वय पाच की सहा, कुणाला ठाऊक. गावाचं नाव तिला सांगता येईना. आई-बापांची नावंही नाहीत, "आई" आणि "बा" एवढंच. एक धाकटी बहीण होती, ती वाटेतच गेली. आजी सांगायची की पणजी म्हातारी झाली तरी रोज रात्री प्रार्थनेत तिघांना आठवायची: "माझी आई, माझा बा, आणि धाकटी." नावं तिला माहीत नव्हती. "त्याला माहिताहेत," म्हणायची आणि वर बोट करायची.

पणजी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची. रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, कारण आधीचं खेडवळ बायकांना जड जायचं, आणि ते जुळवायला याच मुली. खिळे उलटे असतात हे ज्यांनी जुना छापखाना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. पणजीला शेवटपर्यंत उलटं वाचता यायचं. समोरच्या माणसाच्या हातातली पोथी ही पलीकडून घडाघडा वाचायची. ज्या पोरीला स्वतःच्या गावाचं नाव येत नव्हतं तिने शास्त्राचं पान अक्षर अक्षर उचलून उभं केलं. आमच्या घरात या गोष्टीचा फार अभिमान आहे.

---

तर्कशुद्ध

लेख प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणेच उत्तर देतो.

शारदा सदनात धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलं होतं. तरी १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती वळणावर जाताहेत म्हणून वादळ उठलं, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. ही माणसं काही रमाबाईंची शत्रू नव्हती. माझा मुद्दा असा आहे: मरणाच्या दारातून आणलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तुम्ही भाकरी देता आणि त्याच हाताने धर्मही देता, तेव्हा तिला नाही म्हणता येतं का? दौंडकरांच्या पणजींना पर्याय होता का? दिलासा खरा असेल, मी नाकारत नाही. पण दिलासा मिळाला म्हणून देणाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही.

---

दौंडकर

@तर्कशुद्ध, पर्याय होता. रस्त्याच्या कडेला मरायचा. कडू लागेल, पण आमच्या घरात हे असंच बोललं जातं.

---

शेवंती_नगर

तर्कशुद्ध, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

१८९३ बद्दल: रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत, मुली येऊन बसत. बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. त्यांच्या मते ते स्वातंत्र्य होतं, रानड्यांच्या मते तो वचनभंग होता. लहान मूल ज्याच्यावर जीव लावतं त्याच्या मागे जातं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. म्हणून मी रानड्यांना खोटं म्हणणार नाही. केडगावला मात्र त्यांनी आडपडदा ठेवला नाही, ख्रिस्ती संस्था म्हणूनच ती उभी राहिली.

माझ्या बोर्डिंगातली गोष्ट सांगते. माझ्या खोलीत एक मुलगी होती, घर वारकरी. तिला दोन्ही आजोबांनी टाकलं होतं. सायंप्रार्थनेला ती आमच्यात बसायची पण तोंड उघडायची नाही. एका नव्या शिक्षकांनी तिला दरडावलं की सगळ्यांबरोबर म्हण. मेट्रनबाई सगळ्यांसमोर त्यांना काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्रीपासून प्रार्थनेआधी दोन मिनिटं गप्प बसायची पद्धत पडली, "ज्याला जे म्हणायचंय ते मनात म्हणा." ती काय म्हणायची मी कधी विचारलं नाही. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर विठोबा काढलेला असायचा, कमरेवर हात ठेवलेला. बाईंनी तो पाहिला होता.

कायद्याने बघाल तर घटनेच्या २८ व्या कलमानेच ही मर्यादा आखली आहे: सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शिक्षणसंस्थेत मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती हवी. पण ज्याला पालकच नाही त्याची संमती कुणी द्यायची? तिथे मोठ्या माणसाने स्वतःचा हात आवरायचा असतो, आणि ते सगळीकडे झालंय असं मी म्हणणार नाही. जिथे नाही झालं तिथे ख्रिस्ताचंच नाव खराब झालं, हे दुःखाने लिहिते.

---

वसईची_लेक

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडची रीत थोडी वेगळी. एवढंच सांगायला आले.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. सगळं गाव कब्रस्तानात. कबरी आधी धुऊन काढायच्या, झेंडू-शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, फादर येऊन पाणी शिंपडतात. माझी आई एका सिस्टरांच्या आश्रमातून लग्न होऊन आमच्या घरी आली. तिच्या आई-वडिलांची कबर कुठे आहे, आहे की नाही, तिला माहीत नाही. कब्रस्तानाच्या मध्ये मोठा क्रूस असतो. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरली आहेत किंवा ज्यांचा पत्ताच नाही, ते सगळे त्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्त्या लावतात. तिथे मेणाचा नुसता थर साचतो.

आई दरवर्षी तिथे दोन लावते. लहानपणी मी विचारलं होतं, "तुझ्या आईची कुठली?" ती म्हणाली, "डावीकडची." दरवर्षी डावीकडची आधी.

सगळ्या गावाबरोबर एका दिवशी शोक करता येतो, हे आईला फार मोलाचं वाटतं. आश्रमात असताना सिस्टर सगळ्या मुलींना रांगेने न्यायच्या. त्या दिवशी ती "आश्रमातली मुलगी" नसायची, आपली माणसं गमावलेल्या शेकडो लोकांतली एक असायची.

---

कडुनिंब

मी बालगृहांतल्या मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. स्वतः श्रद्धाळू नाही. तरी शेवंतीताईंच्या निरीक्षणाशी सहमत आहे. ठरलेली वेळ, ठरलेले शब्द, सगळ्यांनी मिळून गायचं गाणं, याचा आधार मुलाला लागतो हे रोज बघते. आणि गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायची परवानगी. कितीतरी ठिकाणी मुलाला त्रास होईल म्हणून आईचा विषयच काढत नाहीत. मूल समजतं, आई विसरायची असते.

एक काळजी मात्र सांगते. देव "बाप" आहे असं सरसकट शिकवतात तेव्हा, ज्याचा बाप दारू पिऊन मारायचा त्या मुलाला काय ऐकू येत असेल? आणि दुसरं, "तू पाप केलंस म्हणून" हा धागा मूल आपोआप जोडतं, कुणी म्हणालं नाही तरी. त्याला मुद्दाम सांगावं लागतं की तुझ्यामुळे नाही झालं.

---

शेवंती_नगर

कडुनिंब, तुम्ही अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

आमच्यात एक मुलगी होती, नाव सांगत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" या शब्दांना तिचे ओठ मिटायचे, आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो" पासून ती पुढे म्हणायची. बापानेच तिच्या आईला जाळलं होतं. हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी तिला एकदाही त्या शब्दांची सक्ती केली नाही. उलट तिला रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं शिकवली. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारलीय, गुरूमाउली म्हणून. ते तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले, त्यांना ते जड गेलं नाही. त्यांची स्वतःची आई ते लहान असतानाच गेली होती. यशयाच्या पुस्तकातही देव म्हणतो की आई आपल्या तान्ह्याला विसरेल एक वेळ, मी विसरणार नाही. त्या मुलीने बाप शब्द गाळून बाकी सगळं घेतलं. मोठेपणी ती परिचारिका झाली. आता "पित्या" म्हणते का, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

पापाबद्दल: जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की आई-बापांचं? तो म्हणतो, याचंही नाही आणि आई-बापांचंही नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. मला वाटतं, प्रत्येक बालगृहात पहिल्या आठवड्यात एवढं वाचून दाखवावं. केडगावला रमाबाईंनी आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन काढलं होतं, त्या मुलींना हे वाचून दाखवताना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

---

नर्मदातीर

वाचतोय. रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली, आणि बायबलचं काम उरकून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती लेक. ज्यांना वाटतं विश्वास असला की दुःख येत नाही त्यांनी हा आयुष्यक्रम डोळ्यांसमोर ठेवावा.

---

आजोळ

इथे पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी बहीण आणि मेव्हणे २०२१ च्या एप्रिलमध्ये नऊ दिवसांच्या अंतराने गेले. कोविड. भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याकडे आहे. सरकारने अशा मुलांसाठी पाच लाखांची ठेव दिली, कागदपत्रं करता करता वर्ष गेलं, ते सगळं झालं. प्रश्न वेगळा आहे.

बहिणीला जिथे ठेवलं होतं तिथे आम्हाला आत सोडलं नाही. भाच्याने आईला रुग्णवाहिकेत बसताना पाहिलं ते शेवटचं. परवा संडे स्कूलमध्ये लाजराची गोष्ट झाली. घरी आला आणि जेवताना म्हणाला, "मामा, येशूने लाजराला उठवलं. माझ्या मम्मीला का नाही?" मी भात कालवत राहिलो. माझी बायको उठून आत गेली. मी म्हणालो, पाळकसाहेबांना विचारू. त्याने परत विचारलं नाही आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. शेवंतीताई, काय सांगायचं त्याला?

---

शेवंती_नगर

दादा, तुम्ही काही चुकलेला नाहीत. मुलाने ताटावर बसून हा प्रश्न विचारला याचा अर्थ तुमच्या घरात त्याला सुरक्षित वाटतंय.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी दिलं तरी घेऊ नका. पण गोष्ट त्याने अर्धीच ऐकलीय असं वाटतं. संडे स्कूलमध्ये घाईघाईने लाजर उठतो तिथे पोचतात. तुम्ही त्याच्याबरोबर बसून योहानाचा अकरावा अध्याय पहिल्यापासून वाचा, सावकाश. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला, हे वगळू नका. तो पोचला तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था त्याच्या तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग दुसरी बहीण मरिया येते, तीही तेच म्हणते, जसंच्या तसं. दोघींना तो रागावत नाही. अविश्वासी म्हणत नाही. कबरीकडे जाताना रडतो. उठवणार हे ठाऊक असून रडतो.

तिथे थांबा. पुढे लगेच जाऊ नका. भाच्याला काही बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर नुसते बसा. आणि जमलं तर रोज झोपताना त्याच्या मम्मी-पप्पांचं नाव घ्या, मोठ्याने. दौंडकरांच्या पणजीसारखं.

---

तर्कशुद्ध

आजोळ, मतभेद बाजूला. तुमच्या भाच्यासाठी आणि तुमच्यासाठी मनापासून शुभेच्छा. शेवंतीताईंनी सांगितलंय ते करून बघा.

---

आजोळ

उशिरा लिहितोय, माफ करा. आठ दिवस रोज थोडं थोडं वाचलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "दोन दिवस का थांबला?" मी म्हणालो, मला नाही माहीत. "तुला पण नाही माहीत?" "नाही रे." त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

काल रात्री म्हणाला, आज मी वाचतो. बोट ठेवून वाचत होता. मार्थाचं वाक्य आलं तिथे बोट थांबलं, आणि त्याने वाचलं, "प्रभुजी, आपण येथे असता तर माझी आई मेली नसती."

मी दुरुस्त केलं नाही. बायकोही आतून येऊन बसली होती. त्याने ते वाक्य परत एकदा तसंच वाचलं आणि मग पान उलटलं.